डाव्या बाजूचे टाके

१

काकूंच्या घराला घंटा नव्हती, फरशी होती.

दोन घरं, मध्ये एक सामाईक भिंत आणि पुढे दोघांची मिळून एक अरुंद वाट. त्या वाटेवर, दोन्ही दारांच्या मधोमध, एक फरशी सुटी झालेली. कुणी पाय ठेवला की टक् करायची. काकू आत भांडी घासत असोत की त्यांचा डोळा लागलेला असो, नुसत्या आवाजावरून त्या माणूस ओळखायच्या. अर्धवट टक् म्हणजे पोस्टमन, त्याचा एक पाय अधू. ठणठणीत टक् म्हणजे दूधवाला. मांजर गेलं तर अर्थातच काही नाही, आणि शेजारच्या वहिनी गेल्या तरी काही नाही. वहिनींच्या पायाखाली ती फरशी जन्मात वाजली नाही. होत्याच तेवढ्याशा. "वारा सुटला की दाराला धरून उभ्या राहत जा हो," असं काका त्यांना थट्टेनं म्हणायचे.

काका म्हणजे काकूंचे यजमान. ते दर वर्षी गवंडी आणायची भाषा करायचे आणि काकू दर वर्षी तो बेत हाणून पाडायच्या.

"फरशी बसवली तर तू उपाशी मरशील," काका म्हणत. "बातमीवाचून."

"आणि तुम्ही? संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या 'आज काय विशेष?' कोण विचारतं? भिंत?"

गल्लीनं त्यांचं नाव दुर्बीणकाकू ठेवलं होतं. पण ही दुर्बीण नुसती बघत बसणारी नव्हती. कुणाकडे दिवसभर चूल पेटलेली दिसली नाही की डबा घेऊन हजर. आणि दारावरून जाणाऱ्या कुणालाही "या ना घरी, चहा टाकते" म्हटल्याशिवाय त्यांची जीभ गप्प राहत नसे. विमा विकणाऱ्याला म्हणाल्या होत्या, घर चुकलेल्या माणसाला म्हणाल्या होत्या. एकदा तर भाडेवाढ सांगायला आलेल्या घरमालकालाही म्हणाल्या आणि वर त्याला दुसरा कप दिला.

शेजारी शिंपीमास्तर, वहिनींचे यजमान. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. गेल्या थंडीत वहिनी वारल्या आणि दुकान बंद पडलं. मास्तर कात्री उचलायचे, ठेवायचे. काकूंनी नेलेला डबा तसाच परत यायचा.

आणि मग एके दिवशी सकाळी फरशीवर इतकी वजनदार टक् झाली की काकू साबणाच्या हातानंच बाहेर आल्या. दोन हमाल लांबलचक, चपटी खोकी मास्तरांच्या दुकानात नेत होते.

"काय हो मास्तर, कपाट का?"

"होडी," मास्तर म्हणाले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "लाकडी होडी. कापून आलीय काकू, फक्त शिवायची."

२

काकूंना वाटलं, झालं, माणूस हातचा गेला. पण खोकी उघडली तेव्हा त्या तिथंच होत्या (त्या नसत्या तरच नवल), आणि खरंच त्यात पातळ प्लायवुडच्या लांब पट्ट्या होत्या. कापडाच्या तुकड्यांसारख्या नेमक्या आकारात कापलेल्या, कडेकडेनं बारीक भोकं पाडलेल्या.

"दोन पट्ट्या कडेला कड लावायच्या," मास्तर समजावू लागले, "आणि भोकातून तांब्याची तार घालून पक्कडीनं पीळ द्यायचा. हे आपले कच्चे टाके. मग सांध्यावरून आतून एपॉक्सीची खळ फिरवायची. ती वाळली की तारा उसवायच्या, वरून काचेच्या धाग्याचं कापड चढवायचं. म्हणजे अस्तर. आमचाच धंदा झाला की हा."

"आणि दारातून बाहेर कशी काढणार?" मागून काकांनी विचारलं.

"दुकानाचं दार आहे साहेब. दोन्ही झडपा उघडल्या तर हत्ती जाईल."

"पण मास्तर, होडीच का?" काकूंना राहवेना. "गावाला जाऊन या, बहिणीकडे राहा चार दिवस."

मास्तरांनी कापायच्या लांब टेबलाकडे पाहिलं. त्या टेबलाच्या एका बाजूला तीसेक वर्षं ते बसले, दुसऱ्या बाजूला वहिनी. ते शिवायचे आणि "घे" म्हणून कपडा पलीकडे सरकवायचे. वहिनी काजं करायच्या, बटणं लावायच्या, दुमड घालायच्या.

"ती म्हणायची, जन्मभर समोरासमोर बसलो. एकदा दोघांनी एकाच दिशेला तोंड करून बसायचंय." मास्तर पट्टीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "होडीत तसंच बसतात ना?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्यांनी डब्यात जास्तीचं वाढलं, आणि पहिल्यांदाच डबा रिकामा परत आला. चाटून पुसून.

काम रोज दुपारी चाले. भिंतीपलीकडून पक्कडीचा आवाज यायचा, लाकूड कुरकुरायचं. मधूनच मास्तरांचं "घे" ऐकू यायचं. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा "घे".

सवय असते माणसाला, काकूंनी मनाला सांगितलं. त्यांची आई नाही का, आंधळी झाल्यावरही खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायची?

पण एका दुपारी बाहेर टक् झाली. जड, पोटातून आल्यासारखी. काकू उठून दारात आल्या तर वाटेवर कुणी नव्हतं. मास्तरांचं दार उघडं होतं, आणि आतून आवाज आला, "आलीस? घे, ही बाजू घे."

३

काकू आत गेल्या. हातात वाटी घेऊन गेल्या, कारण रिकाम्या हातानं गेलं की लोक म्हणतात डोकवायला आली.

टेबलावर होडीचा सांगाडा उभा होता. मासोळीसारखा, दोन्हीकडून निमुळता. टेबलाच्या उजव्या अंगाला मास्तर स्टुलावर बसलेले. डाव्या अंगालाही स्टूल होतं. त्यावर कुणी नव्हतं.

"सुरेख झालीय हो," काकू म्हणाल्या आणि होडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. टाके बघत बघत गेल्या. बाईमाणसाची नजर शिवणीवर जाणारच.

उजव्या बाजूच्या तारांना सगळीकडे एकाच दिशेनं पीळ होता. डाव्या बाजूच्या तारांना उलटा.

काकूंनी तिथली एक सुटी तार उचलली आणि पीळ देऊन पाहिली. त्यांच्या हातून सुलटाच पीळ पडला. दुसऱ्यांदा दिली, तोच. उजव्या हाताच्या माणसाला उलटा पीळ मुद्दाम द्यावा लागतो, आणि तोही शेवटच्या टाक्यापर्यंत एकसारखा देणं काही खायचं काम नाही.

वहिनी डावखुऱ्या होत्या.

"ही बाजू कुणी शिवली मास्तर?" काकूंनी होता होईल तेवढ्या सहज विचारलं.

मास्तर मान खाली घालूनच हसले. "हात बरा झालाय तिचा."

काकूंनी पुन्हा टाक्यांकडे पाहिलं आणि हातातली तार खाली ठेवली. उलट्या पिळाला भिऊन नव्हे. वहिनी यायच्या तर याव्यात, त्यांची कुणाला भीती? काकूंनीच तर शेवटी शेवटी, वहिनींचा हात चालेना तेव्हा, त्यांना सुईत दोरा ओवून दिला होता. पण त्या डाव्या बाजूच्या तारा लाकडात रुतल्या होत्या. प्रत्येक भोकाभोवती प्लायवुड दबून फाटलं होतं, जणू पक्कड न वापरता कुणी नुसत्या बोटांनी आवळलं असावं. वहिनींच्या हातात धडधाकट असतानाही तेवढा जोर नव्हता. त्यांची काजं म्हणजे फुलं असायची.

संध्याकाळी काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन्ही हातांनी काम करणारे असतात लोक. शिंप्याचा हात आहे तो."

"आणि फरशी वाजली ती?"

"ऊन तापलं की दगड फुगतो. अगं, तुझे कान त्या भिंतीला चिकटलेत. आता ते सोडवायला सुतार आणावा लागणार."

काकू हसल्या. काकांचं बोलणं पटण्यासारखं होतं. पटलं मात्र नाही.

४

कच्चे टाके उसवले, अस्तर चढलं, वर चकाकी आली. काचपेपरनं घासून घासून मास्तरांनी होडी अशी केली की हात फिरवावासा वाटावा. त्यांची दाढी वेळेवर होऊ लागली होती. गालांवर मांस आलं होतं. गुणगुणायचेसुद्धा.

इथेच काकूंची जीभ अडली. गल्लीभर कुणाचीही भीड न बाळगणारी बाई, पण रोज वाटेवर मास्तर भेटायचे आणि रोज शब्द घशाशी येऊन परत जायचे. काय सांगायचं? तुमच्यासोबत आहे ती तुमची बायको नव्हे? कशावरून? तर म्हणे, टाके घट्ट आहेत आणि फरशी वाजते. जो माणूस अन्न टाकून बसला होता तो आता दोन घास जेवतोय, त्याच्या तोंडचा घास आपण काढायचा?

आणि नाही सांगितलं, तर हा माणूस भरल्या तळ्यात त्या कुणासोबत तरी एकाच होडीत बसणार.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. "मास्तर, पाण्यावर एकटे जाऊ नका हं."

"एकटा कुठे?"

"म्हणजे... तुम्हाला दिसतात का हो वहिनी?"

मास्तर वल्ह्याला तेल लावत होते. "पाठ दिसते," ते म्हणाले. "कामाच्या वेळी ती हल्ली तोंड तिकडे करूनच बसते. मी हाक मारत नाही. मारली तर वळेल."

"मग वळू द्या की."

मास्तरांचा तेलाचा हात थांबला. "नको," ते एवढंच म्हणाले, आणि पुन्हा तेल लावू लागले.

५

तळं गावाच्या टोकाला. होडी रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून आली, आणि मागून, भाजी आणायला निघाल्याचं सोंग करून, काकू आल्या. पिशवीसुद्धा होती हातात. आज काहीही करून अडवायचं, असं वाटेनं त्यांनी दहादा ठरवलं होतं.

तळ्यात पुढे गेलेला एक लाकडी धक्का होता. रद्दीवाल्यानं होडी पाण्यात उतरवून धरली.

"मास्तर, पुढे एखादा धोंडा ठेवा," तो म्हणाला. "तुम्ही मागे बसलात की नाक वर होईल. मग वारा होडीला कुठंही नेईल."

"पुढची जागा भरलेली आहे," मास्तर म्हणाले.

रद्दीवाल्यानं काकूंकडे बघून डोळा मिचकावला आणि गाडी घेऊन निघून गेला. काकू पुढे झाल्या, पण मास्तर तोवर मागच्या बैठकीवर बसलेही होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. नवऱ्यामुलासारखे दिसत होते. काकूंचे पाय थबकले आणि तोंडून निघालं ते भलतंच, "सावकाश जा हं."

होडी निघाली. नाक वर झालं नाही.

होडी सपाट तरंगत होती. तराजूचा काटा मध्ये असावा तशी. काकूंचा जीव भांड्यात पडला. आहेत, वहिनीच आहेत, त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले. पुसून पुन्हा पाहिलं.

आता होडी सपाट नव्हती. नाक खाली गेलं होतं. मास्तर अंगानं भरलेले, तरी त्यांची बाजू पाण्यातून वर उचलली गेली होती, आणि होडी जसजशी मध्याकडे जात होती तसतसं नाक आणखी खाली. पुढच्या कडेत आणि पाण्यात चार बोटांचं अंतर असेल. मग तीन. मास्तर वल्हं मारत होते. कलंडलेल्या होडीत मागे उंच बसून, समोरच्या रिकाम्या बैठकीकडे बघत ते हसत होते.

"मास्तर! अहो मास्तर, परत फिरा!"

वाऱ्यानं आवाज मागे लोटला. कडेवरून पाण्याची पहिली जीभ आत गेलेली काकूंना स्पष्ट दिसली.

आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं त्याबद्दल पुढे किती वेळा त्यांनी स्वतःला बोल लावला, त्याला गणती नाही. विचार करायला सवड नव्हती. जिभेला जे वळण होतं त्या वळणानं ती गेली. तोंडाशी दोन्ही हात धरून काकू जीव खाऊन ओरडल्या,

"वहिनी! या ना घरी! चहा टाकते!"

होडीचं नाक इतक्या झटक्यात वर आलं की मास्तर मागच्या मागे कलंडले.

पाण्यावर काहीच नव्हतं. लाट नाही, बुडबुडा नाही. मग धक्क्याच्या पार टोकाची फळी करकरली. आणि खाली दबली. मग तिच्या अलीकडची. मग तिच्या अलीकडची. एकेक फळी दबत होती आणि सावकाश वर येत होती. काकू उभ्या होत्या ती फळी सगळ्यात शेवटी दबली, एका अंगानं, आणि काकूंचा तोल त्या अंगाला गेला. शेजारी भरलेलं पिंप ठेवावं तसा.

त्यांनी मान वळवली नाही. पिशवी छातीशी धरून त्या घरच्या वाटेला लागल्या. दारापाशी त्यांचा पाय फरशीवर पडला. टक्.

त्यांच्या मागोमाग दुसरा आवाज झाला. तो टक् नव्हता. फरशी दुभंगली होती.

६

मास्तर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेले होते.

"तुम्ही हाक मारलीत काकू."

"होडी बुडत होती मास्तर. पाणी आत येत होतं."

"येऊ दे की. मी कुठे तक्रार केली?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हता. "मी एवढ्या महिन्यांत एकदा हाक मारली नाही. जीव मुठीत धरून राहिलो. आणि तुम्ही चहाला बोलावलंत."

काकूंना सांगायचं होतं. ती वहिनी नव्हती हो. वहिनींनी होडी बुडवली नसती, वहिनींनी फळी दबवली नसती. पण हे सांगितलं की मास्तरांची बायको दुसऱ्यांदा मरणार. आणि मग ते विचारणार, तर मग इतके दिवस टेबलापलीकडे माझ्यासमोर कोण बसलं होतं? काकूंनी पायपुसणं पुढे सरकवलं.

मास्तरांची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. खिडकीपाशी काकांची वेताची खुर्ची होती. ती वळलेली होती, पाठ खोलीकडे आणि तोंड बाहेर. काकूंनी वळवली नव्हती. बैठकीचा वेत खाली पोटासारखा लोंबला होता.

"बसलीय," मास्तर हलकेच म्हणाले. पायपुसण्यावर पाय पुसून ते आत आले आणि खुर्चीमागे स्टुलावर बसले. देवळात बसावं तसे.

काकूंनी चहा टाकला. बोलावलं होतं ना. तीन कप भरले.

७

तेव्हापासून मास्तर रोज दुपारी येतात. कधी विजारीचा पाय दुमडायला आणतात, "घे" म्हणून खुर्चीच्या हातावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी दुमड घातलेली असते. टाके असे आवळलेले की कापड चुरमडून जातं. मास्तर ते टाके गालाला लावतात. काकू चहा गाळायच्या निमित्तानं ओट्याकडे वळतात.

काकांनी त्या खुर्चीचं नाव टाकलंय. "बसकी झाली," एवढंच म्हणाले आणि जेवणाच्या टेबलापाशी जाऊन बसले. गवंड्याचा विषय काढत नाहीत. संध्याकाळी आले की 'आज काय विशेष?' विचारत नाहीत. त्यांच्या घड्या घातलेल्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकदा टोकाशी शिवलेल्या निघाल्या. काकूंनी त्या त्यांच्या नकळत उसवल्या. उलट्या पिळाचा टाका उसवायला फार वेळ लागतो.

परवा मास्तर भांग पाडून आले.

"काकू, होडीला पुन्हा हात फिरवलाय. उद्या वारा पडलेला असेल." ते हातांची घडी घालून उभे होते, उधारीवर काही मागायला आल्यासारखे. "मी नाही बोलावत तिला, माझी हिंमत नाही. पण तुमच्या शब्दावर ती आली. तुम्ही म्हटलं तर जाईल माझ्याबरोबर. एवढं एक सांगाल?"

सुटका दारात चालत आली होती. एक वाक्य बोलायचं, की खिडकीजवळची ती खुर्ची रिकामी. काकांचा सदरा, काकांची झोप, काकांचा जीव, सगळं आपापल्या जागी. काकूंना डोळ्यांपुढे होडीचं नाक दिसलं, आणि त्यामागे उंच बसून हसणारा, भांग पाडलेला माणूस.

"नको मास्तर," त्या म्हणाल्या. "राहू दे अजून थोडे दिवस. मला... मला सोबत होते."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. शेजारच्या घरातली वाटी परत न करणाऱ्या बाईकडे बघावं तसं.

"तुमचे यजमान आहेत की तुम्हाला," ते म्हणाले, आणि गेले. दुभंगलेल्या फरशीवरून गेले. आवाज आला नाही. त्या दिवसापासून डबा पुन्हा तसाच परत येऊ लागलाय, पण मास्तर येतात. स्टुलावर बसतात, काकूंशी बोलत नाहीत, आणि चहा निवाला की उठतात.

ते गेले की दुपार मोठी होते. काकू ओट्याशी उभ्या राहून त्या पाठमोऱ्या खुर्चीकडे बघतात. गल्लीतल्या झाडून सगळ्यांना त्यांनी एक प्रश्न विचारलेला आहे. विमावाल्याला, वाट चुकलेल्याला, दारावरची कडी वाजवणाऱ्या प्रत्येकाला. कोण? फक्त कोण आहे एवढंच. हा प्रश्न आतासुद्धा त्यांच्या जिभेच्या टोकावर येतो. त्या ओठ मिटून घेतात, दात त्यावर दाबून धरतात.

आणि तरीही, कधीकधी, न विचारताच खुर्चीचा एक पाय फरशीवर खोलीच्या दिशेनं खरडतो. जरासाच. ऐकू आल्यासारखा.